धोतराच्या गाठीपासून सिलिकोनच्या पिशवीपर्यंत

नोव्हेंबर २०२४मध्ये वर्धा आणि बिहार येथील डॉक्टरांनी एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात दोन वयस्क स्त्रियांच्या आजाराचे वर्णन प्रसिद्ध केले. दोघींच्याही कमरेच्या बाजूला दीर्घकाळ न भरणारा व्रण होता आणि तपासणीअंती दोघींचाही व्रण त्वचेचा कर्करोग ठरला. एकीने वर्षानुवर्षे नऊवारीखाली परकराची नाडी घट्ट आवळली होती. दुसरी परकर न घालता लुगडेच कमरेशी घट्ट कसून नेसत असे. ‘पेटीकोट कॅन्सर’ या नावाने ही बातमी देशभर छापून आली आणि अनेकांना ती नवलाची वाटली. वस्तुतः तिच्यात नवल असे फार थोडे होते. हाच रोग मुंबईत १९४५ साली नोंदवला गेला होता. तेव्हा तो स्त्रियांच्या नाडीखाली नव्हे, तर पुरुषांच्या धोतराच्या गाठीखाली सापडला होता.

ती नोंद करणारे डॉक्टर वसंत रामजी खानोलकर हे भारतीय विकृतिशास्त्राचे जनक मानले जातात. लंडन विद्यापीठातून पदवी घेऊन परतल्यावर त्यांनी मुंबईच्या वैद्यकीय महाविद्यालयांत अध्यापन केले आणि १९४१ साली परळला टाटा मेमोरियल रुग्णालय उघडले तेव्हा तिथल्या प्रयोगशाळेची सूत्रे हाती घेतली. देशाच्या कानाकोपऱ्यातून रुग्ण येत, त्यांच्या गाठींचे तुकडे प्रयोगशाळेत येत आणि खानोलकर त्या तुकड्यांबरोबर माणसाची राहणीही वाचत. सूर्याबाई या सहकाऱ्यासमवेत त्यांनी १९४५ साली लिहिलेल्या निबंधाचा विषयच मुळी ‘रूढी आणि कर्करोग’ असा होता. भारतात दिसणारे तीन नवे प्रकार त्यात वर्णिले होते. कमरेवरचा धोतराचा कर्करोग आणि ओठाच्या आत तंबाखू-चुन्याची गोळी धरून ठेवणाऱ्यांचा खैनीचा कर्करोग यांचा त्यांत समावेश होता. सूक्ष्मदर्शकाखाली या पेशी इतर कोणत्याही त्वचेच्या कर्करोगासारख्याच दिसतात. धोतर काचेच्या पट्टीवर दिसत नाही. ते रुग्णाला विचारावे लागते.

जुनाट क्षोभातून कर्करोग होतो ही कल्पना मात्र खानोलकरांची नव्हे. काश्मिरात थंडीत फिरनच्या आत पोटाशी धरल्या जाणाऱ्या कांगडीमुळे पोटावर आणि मांड्यांवर होणारा कर्करोग एल्मस्ली या मिशनरी डॉक्टराने १८६६मध्येच वर्णिला होता. त्याच्या तीन वर्षे आधी बर्लिनमध्ये रुडॉल्फ फिर्खो याने गाठींमध्ये पांढऱ्या रक्तपेशींची गर्दी पाहून असे मांडले की, जिथे दाह दीर्घकाळ धुमसतो तिथे कर्करोग जन्म घेतो. या विचाराचा प्रभाव जपानपर्यंत पोहोचला. यामागिवा आणि इचिकावा यांनी सशांच्या कानांना महिनोन्‌महिने डांबर चोळून १९१५ साली प्रयोगशाळेत पहिला कृत्रिम कर्करोग घडवला, तो याच तत्त्वाच्या पडताळणीसाठी. पुढे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जनुकांचे युग आले आणि क्षोभाची कल्पना जुनी, काहीशी बाळबोध समजली जाऊ लागली. कारण ‘क्षोभ’ म्हणजे नेमके काय घडते, याचे उत्तर तिच्यापाशी नव्हते.

हे उत्तर तुकड्यातुकड्यांनी आले, आणि पहिला तुकडा अगदी आडवाटेने. अमेरिकेत ओपनहायमर आणि त्यांचे सहकारी रक्तदाबाचा अभ्यास करत होते. त्यासाठी त्यांनी उंदरांच्या मूत्रपिंडांभोवती सेलोफेनचा कागद गुंडाळला. काही काळाने काही उंदरांत त्या कागदाभोवती मांसार्बुदे वाढलेली आढळली. हे १९४८ साली प्रसिद्ध झाले. पुढच्या प्रयोगांत आणखी चमत्कारिक गोष्ट दिसली. तेच द्रव्य अखंड पातळ पत्र्याच्या रूपात ठेवले तर गाठी होत, भोके पाडून ठेवले तर कमी होत आणि भुकटी करून टोचले तर जवळजवळ होतच नसत. म्हणजे दोष द्रव्याच्या रसायनात नव्हता, आकारात होता. शरीर परक्या वस्तूभोवती तंतूंची भिंत बांधते, भिंत आणि वस्तू यांच्यामध्ये एक बंद जागा तयार होते आणि त्या जागेत पेशींचे वर्तन बदलते. माणसांत अशी मांसार्बुदे फारच विरळ आहेत, हेही लगेच सांगितले पाहिजे. तरीही ‘बंद जागा’ हा शब्द ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

दुसरा तुकडा क्षयरोगाच्या इतिहासातून आला. औषधे येण्यापूर्वी क्षयाचा रुग्ण सॅनेटोरियममध्ये जाई. पाचगणी, मिरज, छत्तीसगडातले पेंड्रा रोड ही नावे त्या काळच्या कुटुंबांच्या आठवणीत अजून आहेत. विश्रांती, हवा आणि दूध यांच्यापलीकडे डॉक्टरांच्या हाती एकच धाडसी उपाय होता. इटलीच्या कार्लो फोर्लानिनी याने तो प्रचारात आणला. छातीची भिंत आणि फुप्फुस यांच्यामध्ये सुईने हवा भरायची, फुप्फुस मिटवून टाकायचे आणि त्याला ‘विश्रांती’ द्यायची. हवा हळूहळू शोषली जाई, म्हणून पुन्हापुन्हा भरावी लागे. हा उपचार भारतासह जगभर रूढ होता. स्ट्रेप्टोमायसिन आणि तिच्यामागून आलेल्या औषधांनी तो निरर्थक ठरवला. औषधे नियमित मिळाली तर रुग्ण घरी राहूनही सॅनेटोरियमइतकाच बरा होतो, हे मद्रासच्या केंद्राने १९५९ साली जगाला दाखवले आणि सॅनेटोरियमचे पर्वच संपत आले.

परंतु काही रुग्णांच्या छातीतली ती पोकळी मिटली नाही. तिच्यात पू साठला, आवरणे जाड झाली, आणि माणूस ते ओझे घेऊन संसार, नोकरी, म्हातारपण सारे पार पाडत राहिला. जपानमध्ये १९८०च्या दशकात ओसाकाच्या आसपासच्या डॉक्टरांच्या लक्षात आले की, अशा जुन्या पूयुक्त पोकळीच्या भिंतीतून लिम्फोमा, म्हणजे लसीका-पेशींचा कर्करोग, उद्भवतो आहे. १९८७च्या त्यांच्या निबंधानंतर प्रकरणे गोळा होत गेली. पोकळी तयार झाल्यापासून गाठ दिसेपर्यंतचे अंतर २० ते ६४ वर्षे होते; सरासरी ३७ वर्षे. रुग्णांतील बहुसंख्य लोकांवर तारुण्यात तोच हवा भरण्याचा उपचार झाला होता.

भारताच्या संदर्भात या आकड्यांपाशी थोडे थांबायला हवे. ३७ वर्षांनी दिसणारा रोग दिसण्यासाठी रुग्णाला ३७ वर्षे जगावे लागते. १९४१ ते १९५१च्या दशकात भारतीयाचे सरासरी आयुर्मान सुमारे ३२ वर्षे होते. शिवाय ज्या डॉक्टरासमोर गाठ येते त्याला चार दशकांपूर्वीच्या सुईचा पत्ता लागावा लागतो. जपानला हा रोग सापडला यामागे जपानी शरीराचे काही वैशिष्ट्य असेलही. पण दीर्घायुष्य आणि जपून ठेवलेले कागद यांचा वाटा त्यात नक्कीच आहे.

आता विषाणू. जपानी गाठींच्या पेशींत १९९०च्या दशकाच्या आरंभी एपस्टाईन-बार विषाणू सापडला. अँथनी एपस्टाईन, बर्ट अचाँग आणि इव्होन बार यांनी १९६४ साली आफ्रिकेतील मुलांच्या जबड्यातल्या गाठींमध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने शोधलेला हा विषाणू मानवी कर्करोगाशी जोडला गेलेला पहिला विषाणू होय. पण त्याची गंमत अशी की, जगातल्या नव्वद टक्क्यांहून अधिक प्रौढांच्या शरीरात तो असतोच. लहानपणी लाळेतून येतो, बी-पेशींमध्ये शिरून मुक्काम ठोकतो आणि आयुष्यभर गप्प बसतो. मग कर्करोग मोजक्यांनाच का?

हा प्रश्न मुंबईत दुसऱ्या एका प्राण्याच्या संदर्भात आधीच विचारला जात होता. खानोलकरांच्या विद्यार्थिनी कमल रणदिवे, पुण्याच्या फर्ग्युसनमधून आलेल्या आणि बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत ऊतकसंवर्धन शिकून परतलेल्या, भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात उंदरांच्या स्तनांच्या कर्करोगावर काम करत होत्या. उंदरांमध्ये हा रोग आईच्या दुधातून पिलाला मिळणाऱ्या विषाणूमुळे होतो, हे अमेरिकेत जॉन बिटनर याच्या कामातून पुढे आले होते. रणदिवे यांचा रोख वेगळा होता: विषाणू एकटा काय करतो यापेक्षा आनुवंशिकता आणि संप्रेरके यांच्या संगतीत तो काय करतो? उंदरांचा तो विषाणू माणसाच्या स्तनाच्या कर्करोगाचे कारण असल्याचे सिद्ध झालेले नाही, तेव्हा त्या निष्कर्षांची थेट उचल करता येणार नाही. प्रश्न विचारण्याची ती रीत मात्र इथे नेमकी लागू पडते. बी आहेच, माती कोणती, ते पाहायचे.

माती म्हणजे ती बंद जागा. सामान्य शरीरात एपस्टाईन-बार विषाणूने बी-पेशीला वाढीस लावले की, विषाणूची काही प्रथिने पेशीच्या पृष्ठावर उघडी पडतात, टी-पेशी ती ओळखतात आणि त्या पेशीचा निकाल लावतात. म्हणून विषाणू बहुतेक वेळ ही प्रथिने बनवतच नाही. पूयुक्त पोकळीतल्या लिम्फोमात मात्र तो ती बिनदिक्कत बनवताना आढळतो. जणू पहारा नाही, याची त्याला खात्री आहे. जाड तंतुमय भिंतीच्या आत रक्तवाहिन्या पोहोचत नाहीत, टी-पेशींची ये-जा मंदावते, ऑक्सिजन केवळ विसरणाने झिरपतो आणि दाहाची रसायने बी-पेशींना सतत वाढीचा संदेश देत राहतात. फिर्खोच्या ‘क्षोभा’चा हा एक अर्थ एकविसाव्या शतकाने लावला. पुढे असाच विषाणूयुक्त लिम्फोमा हृदयातल्या मिक्सोमा नावाच्या सौम्य गाठीत, कृत्रिम झडपांवर आणि जुन्या साकळलेल्या रक्ताच्या पिशव्यांतही आढळला. तिथे पेशी आसपासच्या ऊतकात घुसत नाहीत, फायब्रिनच्या मृत थरांमध्ये रुतून बसतात आणि गाठ काढली की बहुतेकदा रोगही जातो. २०२२च्या नव्या वर्गीकरणात ‘फायब्रिनशी संबंधित लिम्फोमा’ म्हणून त्याला वेगळे स्थान मिळाले.

ही सारी वाट आता स्तनरोपणापर्यंत येऊन पोहोचते. सिलिकोनची पहिली पिशवी १९६२ साली अमेरिकेतील ह्यूस्टन येथे क्रोनिन आणि गेरो या शल्यविशारदांनी बसवली. शरीराने तिच्याभोवती नेहमीप्रमाणे तंतूंचे आवरण बांधले. काही स्त्रियांत हे आवरण आकसून कडक आणि वेदनादायक होई. ते टाळण्यासाठी १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात पिशवीचा पृष्ठभाग खडबडीत करण्याची पद्धत आली. एका प्रसिद्ध प्रकारात ओल्या सिलिकोनवर मिठाचे कण दाबून नंतर धुऊन काढत. मागे खळग्यांनी भरलेला पृष्ठ राहत असे. तंतू खळग्यांत शिरतात, आकसण्याची दिशा मोडते, पिशवी जागेवरून हलत नाही. यांत्रिकीच्या दृष्टीने युक्ती सुरेख होती. पण पृष्ठफळ कित्येक पटींनी वाढले, आणि त्याबरोबर दाहाला धरून बसायला जागाही.

१९९७ साली कीच आणि क्रीच या दोन डॉक्टरांनी एका शल्यचिकित्सा नियतकालिकाला पत्र लिहून कळवले की, रोपणाच्या शेजारी एक दुर्मीळ लिम्फोमा आढळला आहे. एका प्रकरणावरून काहीच सिद्ध होत नाही. पुढे अकरा वर्षांनी नेदरलँड्समधून उत्तर आले. त्या देशात विकृतिशास्त्राचे सारे अहवाल एका राष्ट्रीय भांडारात जमा होतात. संशोधकांनी १९९० ते २००६ या काळातले स्तनातील या लिम्फोमाचे सारे रुग्ण शोधले. ते केवळ ११ निघाले. त्यांतल्या ५ जणींना रोपण होते. तुलनेसाठी घेतलेल्या, स्तनात अन्य प्रकारचे लिम्फोमा झालेल्या ३५ स्त्रियांपैकी केवळ एकीला रोपण होते. हिशेब केला तर जोखीम सुमारे १८ पट. अकरा रुग्णांवरून हा निष्कर्ष निघू शकला, कारण ते त्या देशातले सगळे अकरा होते.

त्यानंतरचा घटनाक्रम झपाट्याचा आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०११मध्ये सूचना काढली, जागतिक आरोग्य संघटनेने २०१६मध्ये या रोगाला तात्पुरते स्वतंत्र नाव दिले, फ्रान्सने २०१९च्या एप्रिलमध्ये अतिखडबडीत रोपणांवर बंदी घातली आणि त्याच वर्षी २४ जुलैला अलर्गन कंपनीची ‘बायोसेल’ पृष्ठाची रोपणे जगभरातून मागे घेतली गेली. तोवर अमेरिकी प्रशासनाकडे जगभरातली ५७३ प्रकरणे आणि ३३ मृत्यू नोंदले गेले होते. त्यांतली ४८१ प्रकरणे त्या एकाच कंपनीच्या रोपणांशी निगडित होती.

हा लिम्फोमा टी-पेशींचा. त्याच्यात विषाणू सापडत नाही. जिवाणूंचा थर, सिलिकोनचे कण, व्यक्तीची आनुवंशिकता अशी कारणे चर्चेत आहेत आणि वाद मिटलेला नाही. म्हणून २०२१ साली मेदेइरोस आणि सहकाऱ्यांनी रोपणांभोवतीच्या आठ रुग्णांचे जे वर्णन प्रसिद्ध केले, ते विकृतिशास्त्रज्ञांना खडबडून जागे करणारे होते. त्या आठही जणींचा लिम्फोमा बी-पेशींचा होता आणि प्रत्येकीत एपस्टाईन-बार विषाणू होता. बहुतेकींत गाठ आवरणापुरतीच मर्यादित होती. म्हणजे जपानी क्षयरोग्यांच्या छातीत जे घडले, तेच सिलिकोनच्या पिशवीभोवती लहान प्रमाणात घडत होते. सप्टेंबर २०२२मध्ये अमेरिकी प्रशासनाने पुन्हा इशारा दिला. तेव्हा रोपणाच्या आवरणातील अशा अन्य लिम्फोमांची ३०हून कमी आणि खवल्या-पेशींच्या कर्करोगाची २०हून कमी प्रकरणे त्यांना वाङ्मयात सापडली होती.

संख्या लहान आहे, आणि ती लहान म्हणूनच सांगितली पाहिजे. जगभरात लक्षावधी स्त्रियांच्या शरीरात रोपणे आहेत. त्रास नसेल तर ती केवळ भीतीपोटी काढून टाकावीत, असे अमेरिकी प्रशासनही म्हणत नाही. यातल्या कित्येक स्त्रियांनी कर्करोगात स्तन गमावल्यावर रोपण स्वीकारलेले असते. त्यांना दुसऱ्या कर्करोगाची बातमी सनसनाटी मथळ्यातून कळावी, हे क्रूर आहे. त्याच वेळी ‘अत्यंत दुर्मीळ’ हे विशेषण कुठल्या मोजणीवर आधारलेले आहे, हे विचारण्याचा अधिकारही त्यांनाच सर्वाधिक आहे.

मोजणीची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. लोकसंख्येवर आधारित भारतातली पहिली कर्करोग नोंदणी मुंबईत १९६३ साली इंडियन कॅन्सर सोसायटीने सुरू केली. ग्रामीण भागातली पहिली नोंदणी १९८७ साली सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत उभी राहिली. तिथले कार्यकर्ते गावोगाव जाऊन रुग्ण शोधत. पण कर्करोगाची नोंदवही गाठ कुठे झाली आणि कोणत्या पेशींची होती हे लिहिते. दहा वर्षांपूर्वी त्या जागी कोणती वस्तू बसवली होती, यासाठी तिच्यात रकाना नसतो. तो रकाना भरण्यासाठी नेदरलँड्सने २०१५मध्ये रोपणांची वेगळी राष्ट्रीय नोंदवही सुरू केली. रोपण बसवताना नोंद, काढताना नोंद, आणि दोन्ही नोंदी विकृतिशास्त्राच्या भांडाराशी जोडता येतात.

अशी जोडणी नसेल तर काय होते, हे समजायला कल्पनाशक्ती फार ताणावी लागत नाही. मुंबईत शस्त्रक्रिया झालेली स्त्री काही वर्षांनी भिलाईजवळच्या रिसालीत मुलाकडे राहायला जाते. आठ-दहा वर्षे उलटतात आणि एके दिवशी एका बाजूचा स्तन सुजतो. स्तनरोपणाच्या लिम्फोमाची सर्वांत नेहमीची खूण हीच आहे: रोपणानंतर वर्षभर उलटून गेल्यावर आवरणात अकारण साठणारा द्रव. जवळच्या दवाखान्यात सुईने तो काढला जातो, सूज उतरते, द्रव फेकून दिला जातो. तीन महिन्यांनी तो पुन्हा साठतो. मुंबईची फाइल मुंबईत असते आणि रोपणाचा प्रकार, पृष्ठ व तुकडी-क्रमांक लिहिलेले कार्ड कुठल्या कपाटात गेले, ते घरात कुणालाच आठवत नाही.

त्या द्रवात निदान असते. तो प्रयोगशाळेत गेला तर पेशींवर सीडी३० या प्रथिनाची चाचणी होते आणि टी-पेशींचा लिम्फोमा ओळखू येतो. बी-पेशींचा संशय आला तर एपस्टाईन-बार विषाणूच्या आरएनएचा शोध घेणारी चाचणी करतात. ती कर्करोगाच्या मोठ्या केंद्रांत उपलब्ध असते. रोग आवरणातच असताना सापडला तर आवरणासह रोपण पूर्ण काढणे हाच मुख्य उपचार, आणि बऱ्याच जणींना त्यापुढे औषधांचीही गरज पडत नाही. मात्र प्रयोगशाळेतला विकृतिशास्त्रज्ञ या चाचण्या प्रत्येक द्रवावर करत नाही. नमुन्यासोबतच्या चिठ्ठीवर ‘स्तनरोपण, अमुक साली, खडबडीत पृष्ठ’ एवढे लिहिलेले असेल तरच त्याला त्या मागवण्याचे कारण मिळते.